वाणी स्पष्ट

"जोरानं बोला ना जी बाई, काहीच ऐकू नाही येऊन राहिलं," खिडकीपलीकडून वामनबाबू म्हणाला, आणि म्हणताना त्यानं मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

मंगला सांबारेच्या खांद्यावरची पिशवी जराशी घसरली. तेवढंच. बाकी सौसरच्या त्या शिक्षण कचेरीत काहीही हललं नाही. पंखा फिरत होता, कोपऱ्यात टाइपरायटर खडखडत होता, बाकावरचे दोन मास्तर संत्री सोलून खात होते आणि साली खिशात ठेवत होते. वामनबाबूचा हेतू वाईट नव्हता. दिवसातून पन्नास वेळा तो हेच वाक्य म्हणत असणार. पण मंगलाला आधी हसूच आलं. एकोणीस वर्षं मास्तरकी केलेली बाई घशातून आवाज निघेना म्हणून नोकरी सोडते, आणि त्या नोकरीचा हक्क मागायला आली की तिला पहिल्यांदा सांगतात, जोरानं बोल. हसण्याचीही पंचाईतच होती. तिच्या हसण्याला आता आवाज नव्हता; नुसते खांदे हलायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं की बाई रडते आहे. कचेरीत रडणारी बाई तर तिला मुळीच व्हायचं नव्हतं. असल्या बायांना इथे पाणी देतात, बसा म्हणतात आणि दुपारी घरी पाठवतात. तिनं खांदे आवरले, पिशवीतून पाटी काढली, पेन्सिलीनं तीन शब्द लिहिले आणि पाटी खिडकीच्या गजांना टेकवून धरली. "माझ्या अर्जाचं काय?"

वामनबाबूनं आता वर पाहिलं. पाटी पाहून बाकावरचा एक मास्तर खुसखुसला. वामनबाबू मात्र हसला नाही. त्यानं फाइल ओढली. "हे पाहा बाई. तुम्ही आजारपणाची पेन्शन मांगून राहिल्या. बरोबर आहे. आजारानं नोकरी सुटली त अशक्तता पेन्शन भेटते. पण तुम्ही त राजीनामा देला ना? राजीनामा देला की मागची सारी नोकरी खतम. झालीच नाही असं समजा." त्यानं पान उलटलं. "तुमच्याच हातचं आहे. घरेलू कारणों से सेवा करने में असमर्थ हूँ. कुठं लिहिलं आजार म्हणून? आनं हे दोन सालचे गोपनीय अहवाल. प्रधानपाठकाची सही. वाणी स्पष्ट. अध्यापन उत्तम. आता मले सांगा, वाणी स्पष्ट असलेल्या बाईले कोणता आजार म्हणावं मी?"

वाणी स्पष्ट. पुंडलिकराव बेलखड्यांचं उजवीकडे कललेलं अक्षर तिनं गजांतूनही ओळखलं. छापील फॉर्ममध्ये दहा रकाने असायचे आणि शाळेचे प्रधानपाठक म्हणून पुंडलिकराव दर उन्हाळ्यात ते भरायचे, सगळ्या मास्तरांचे एका बैठकीत, शेंगदाणे खात. वेशभूषा साधी. आचरण चांगले. वाणी स्पष्ट. पहिली सतरा वर्षं ते खरंच होतं, खऱ्याहून थोडं कमीच होतं म्हणा ना. सावरगावला मंगलाच्या घराच्या मागे उतरलं की जाम नदी, आणि पलीकडे पांढुर्णा. बाप पलीकडच्या बाजारात कापसाच्या गाडीपाशी असायचा आणि आई म्हणायची, "मंगले, हाक मार तुह्या बाबाले, जेवाले बोलाव." ती वाळूत पाय रोवून उभी राहायची आणि हाक सोडायची. हाक पाण्यावरून जायची. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका वर बघायच्या, मग कुणीतरी बापाला सांगायचं आणि तो हात वर करायचा. गोटमारीच्या, म्हणजे दोन्ही गावांच्या दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी एकदा आईनं तिला माळवदावर चढवून भावाला परत बोलवायला लावलं होतं. खाली नदीत दोन्ही गावांची पोरं, दगडांचा पाऊस, ढोल, आरडाओरडा. त्या गदारोळात तिची हाक गेली आणि रवींद्रनं मागे वळून पाहिलं. तेवढ्यात भुवईवर दगड बसला. वळला म्हणून लागलं, असं आई पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिली. वळलो म्हणून वाचलो, नाहीतर डोळाच गेला असता, असं रवींद्र म्हणायचा. मंगला तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला एवढंच कळलं होतं की आपला आवाज कुठेही पोचतो, आणि पोचल्यावर काय होईल ते आपल्या हातात नसतं.

हाच आवाज मग तिनं टिनाच्या छपराखाली वापरून संपवला. एका लांब खोलीत तिसरी आणि चौथी, दोन्ही मिळून सत्तर मुलं. तिसरीला पाढे द्यायचे आणि चौथीला भूगोल, आणि एकीचा आवाज दुसरीवर चढू नये म्हणून स्वतःचा दोन्हींवर चढवायचा. कोणी तिला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं. पण हळू बोलणारी मास्तरीण ही गोष्टच त्या शाळेत कुणी पाहिली नव्हती. आवाज काही एका दिवसात गेला नाही. आधी दुपारनंतर जायला लागला, मग सकाळीच बसलेला असायचा, मग आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखा येऊन जायचा. नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या तोंडात इवलासा आरसा घालून पाहिलं आणि म्हटलं, घशातल्या दोन दोऱ्यांपैकी एक लुळी पडली आहे, आता बोलण्याचं काम नको. चिठ्ठीवर तारीख होती, शिक्का होता. घरी येऊन तिनं ती आईला वाचून दाखवली, म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला. आईला, देवकाबाईंना, कानानं कमी ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, "जोरानं बोल वं." मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग दोघींनाही हसू फुटलं, एकीचं ऐकू आलं आणि दुसरीचं नाही. त्या दिवशी हेच वाक्य लागलं नव्हतं. आईचं ऐकू न येणं हे आईचं दुखणं होतं. वामनबाबूच्या कानाला काय झालं होतं?

अकरा शनिवार आईनं तिला जामसांवलीच्या मारुतीला नेलं. मारुतीचं तीर्थ घोट घोट गिळताना ती त्या निजलेल्या मूर्तीकडे बघायची आणि मनात म्हणायची, देवा, तू बरा आडवा आहेस, तुला कोणी उठून हजेरी लाव म्हणत नाही. श्रद्धा होती म्हणूनच असं बोलता यायचं. बाराव्या शनिवारी तिनं आईला पाटीवर लिहून दाखवलं, पुरे. मारुतीवर राग नव्हता. बरी होण्याची वाट पाहणारी बाई म्हणून जगायचा मात्र तिला कंटाळा आला होता.

आणि मग पुंडलिकरावांनी ती चूक केली, जी त्यांच्यासारखा भला माणूसच करू शकतो. "कोणाले सांगू नका बाई," ते म्हणाले. "सांगितलं त बोर्डापुढं उभं करतील, दहा चकरा होतील. चालते तवर चालवू. पोरं तुमची आहेत, शाळा आपली आहे." शाळेतल्या कोणीच कुठे वाच्यता केली नाही. प्रार्थना दुसऱ्या बाई सांगू लागल्या. हजेरी पोरं स्वतः क्रमानं म्हणू लागली. आणि मंगलानं तिच्या वर्गात एक नवीनच रीत बसवली. डस्टरच्या लाकडाचा टेबलावर एक ठोका म्हणजे ऐका. दोन ठोके म्हणजे सांगा. तीन म्हणजे लिहा. बाकीचं फळ्यावर, आणि अगदीच लागलं तर कुजबूज. गंमत अशी, की सत्तर मुलं बाईंची कुजबूज ऐकायला गप्प बसू लागली. सतरा वर्षं ओरडून जी शांतता झाली नव्हती, ती अशी आपोआप झाली. पोरांचे पाढे पक्के झाले, कारण ते आता पोरंच म्हणत होती. त्या दोन वर्षांत तिनं जसं शिकवलं तसं आधी कधीच शिकवलं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं, आणि ते लिहून ठेवायला कुठल्याही फॉर्ममध्ये रकाना नव्हता. त्या उन्हाळ्यातही पुंडलिकरावांनी शेंगदाणे खात लिहिलं, वाणी स्पष्ट. हातानं सवयीनं लिहिलं असेल, किंवा दयेनं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा.

पुढे पुढे बसल्या जागी दम लागू लागला, पायऱ्या चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, तेव्हा तिनंच थांबायचं ठरवलं. राजीनामा पुंडलिकरावांनी सांगितला आणि तिनं लिहिला. कचेरीच्या हिंदीतल्या अर्जाला जसा मजकूर शोभतो तसा त्यांनी तो सांगितला. आजाराचं नाव काढलं तर मागच्या दोन वर्षांचं विचारतील, म्हणून घरेलू कारण. तिनं विचार केला नाही. दमली होती. त्या दोन शब्दांनी गावाची मात्र करमणूक झाली. बेचाळिशीतल्या बिनलग्नाच्या बाईला घरगुती कारण कुठलं असणार? सांबारेबाईंचं अखेर जमलं म्हणे, मुलगा वरूडचा आहे, बिजवर आहे, संत्र्याचा बगीचा आहे, इथपर्यंत बातमी गेली. देवकाबाईंना शेजारणीनं कानाशी ओरडून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "होऊन जाऊ दे बापा, मले काय!"

"बाई, एक रस्ता आहे," वामनबाबूचा आवाज आता हळू झाला होता. तो खिडकीशी वाकला. "साहेब माणूस चांगला आहे. हे मी लिहून ठेवलं आहे. तुम्ही नुसती सही करा." कागदावर हिंदीत चार ओळी होत्या. मी माझा आजार प्रधानपाठकांपासून लपवून ठेवला, त्यामुळे अहवालात तशी नोंद झाली, याबद्दल मला खेद आहे, माझ्याबाबत सहानुभूतीनं विचार व्हावा. "म्हंजे बेलखडेगुरुजीवर काही येत नाही, तीन महिन्यांनी रिटायर होऊन राहिले ते. आनं तुमचंही काही ना काही होऊन जाईल. पेन्शन नाही, पण एकदाच एकमुस्त काही रक्कम. दयेच्या खात्यात."

हा कागद तिला नवा नव्हता. मागच्या रविवारी पुंडलिकराव सावरगावला येऊन ओसरीवर बसले होते आणि टोपी मांडीवर ठेवून त्यांनी हेच सांगितलं होतं. "तुम्ही लपवलं असं लिहा, म्हंजे दोघंही सुटू. नाही त मह्या पेन्शनीवरच गदा येईल, बाई. मी खोटा अहवाल देला असं होईल." बोलताना त्यांचा हात टोपीच्या कडेवरून सारखा फिरत होता. मंगलाला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. तो राग तिला आवडला. कितीतरी दिवसांनी काहीतरी पूर्ण आवाजात आत वाजत होतं. तिनं पाटीवर लिहिलं होतं: "गुरुजी, एकोणीस वर्षांत मी तुमच्यापासून एक तरी गोष्ट लपवली काय?" पुंडलिकरावांनी वाचलं. मग चहा न घेता उठून गेले. आणि आज सकाळी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर ते तिच्या आधी येऊन उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "शाळेचं शेरेबुक आहे. घेऊन जा. सायंकाळी परत आणून द्या म्हंजे झालं." बस सुरू झाली तेव्हा ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "त्या दिवशीचं पान मी मोडून ठेवलं आहे. तुम्हाले जे करायचं ते करा. माह्यं पाहून घेईन मी." चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला असं म्हणायला काय लागलं असेल, ते बस जामसांवलीचा फाटा ओलांडेपर्यंत तिच्या डोक्यातून गेलं नाही. राग होता तो होताच. पण आता त्यातून पुंडलिकराव बाजूला झाले होते.

ते पान कुठल्या दिवसाचं हे न उघडताच तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, थंडीत. नागपूरच्या डॉक्टरच्या चिठ्ठीनंतर पाच महिन्यांनी. शाळा तपासायला निरीक्षक आले होते. वर्गात खुर्चीवर अर्धा तास बसले, चहा प्याले. मंगलानं एक ठोका दिला, सत्तर माना वर झाल्या. दोन ठोके दिले, अनुराधा नावाच्या पोरीनं उभं राहून छिंदवाडा जिल्ह्याच्या सीमा सांगितल्या. तीन ठोके दिले, पेन्सिली चालू लागल्या. साहेबांनी बाईंना काहीच विचारलं नाही. प्रश्न असले तर ते पुंडलिकरावांना विचारायचे. बाईंकडे बघून मान हलवायची, ही त्यांची रीत. जाताना एवढं म्हणाले, "बहुत शांत वर्ग आहे," आणि तिनं हात जोडले. मग ऑफिसात बसून त्यांनी शेरा लिहिला. आणि तेच साहेब आता बढती मिळून या कचेरीत, खिडकीशेजारच्या हिरव्या पडद्यामागे, मोठ्या खुर्चीवर बसले होते.

"करता ना सही?" वामनबाबूनं पेन पुढे केलं.

मंगलानं कागद हातात घेतला. लपवला. खेद आहे. सहानुभूतीनं. सही केली तर सारं किती सोपं होईल हे तिला दिसत होतं. पुंडलिकराव सुटतील, वामनबाबूची फाइल बंद होईल, आणि त्या टिनाच्या छपराखालची एकोणीस वर्षं, त्यातली ती शेवटची दोन सोन्यासारखी वर्षं, एका लबाड बाईनं लपूनछपून काढली असं कायमचं लिहिलं जाईल. का म्हणून? ती काही दान मागायला आली नव्हती. घसा तिनं घरी भांडून बसवला नव्हता. तिनं कागद नीट चार घड्या करून वामनबाबूला परत दिला, पेन त्यावर ठेवलं, आणि सरळ पडद्याकडे चालू लागली. "अवं बाई, तिकडं कुठं? साहेब आहेत ना तिथं!" वामनबाबू ओरडला. त्याला उत्तर द्यायची तिला सोय नव्हती, आणि त्या घटकेला ही अडचण तिला फार सोयीची वाटली.

साहेबांनी तिला ओळखलं नाही. तिनं टेबलावर आधी नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी ठेवली, शेजारी शेरेबुक मोडलेल्या पानावर उघडून ठेवलं, आणि वर पाटी. पाटीच्या दुसऱ्या बाजूवर तिनं बसमध्येच लिहून ठेवलं होतं ते पुसलं तर नाही ना, हे तिनं एकदा पाहून घेतलं. "मी तिसरी-चौथीची मंगला सांबारे. चिठ्ठीची तारीख पाहा. तुमच्या शेऱ्याची तारीख पाहा. त्या दिवशी अर्धा तास तुम्ही माझ्या वर्गात होता. माझा आवाज ऐकला होता काय?"

साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठी पाहिली. मग स्वतःचं अक्षर पाहिलं: अध्यापन उत्तम, वर्गात अनुकरणीय शांतता. मागोमाग वामनबाबू पडद्यात येऊन उभा राहिला होता, त्याच्यामागे ते दोन मास्तर. साहेब म्हणाले, "बाई, मी वर्षाला दीडदोनशे शाळा पाहायचो. इतकं कसं लक्षात राहील? सोमवारी या. बघू."

ती हलली नाही. त्यांना लक्षात होतं. चष्म्यामागे ते आठवताना तिला दिसलं. उत्तर येत असून न सांगणारं मूल एकोणीस वर्षांत तिनं कमी पाहिलं नव्हतं. ऐकला म्हणाले तर डॉक्टरच्या शिक्क्याला खोटं पाडावं लागेल. नाही म्हणाले तर बाई दोन वर्षांपूर्वीच आजारी होती आणि तरी उत्तम शिकवत होती, म्हणजे राजीनामाही आजारापायीच होता, हे त्यांच्याच सहीनं सिद्ध होईल. आणि मग ज्याच्या नजरेतून ते सुटलं तो निरीक्षक पुंडलिकरावांना कुठल्या तोंडानं जाब विचारणार? तिनं टेबलावरचा लाकडी रूळ उचलला. साहेब किंचित मागे सरकले. तिनं रुळाचं टोक टेबलावर आपटलं. एक ठोका. बाहेरचा टाइपरायटर थांबला. मग दोन ठोके, स्वच्छ, वेगवेगळे.

साहेबांनी शेरेबुकावरून बोट फिरवलं, चष्मा काढला, आणि तो हातात धरून ते टेबलाकडे बघत म्हणाले, "नाही. नाही ऐकला. तुम्ही त्या दिवशी... काहीच बोलल्या नव्हत्या."

मंगलानं डोळे मिटून घेतले नाहीत, कोणाचे आभार मानले नाहीत. घशात होती तेवढी हवा तिनं गोळा केली. नदीपलीकडे जाईल एवढी नव्हती ती. टेबलापलीकडे जायला पुरे होती.

"लिहा," ती म्हणाली.

पडद्यापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. वामनबाबूनं हातातला चार घड्यांचा कागद खिशात कोंबला आणि तो साहेबांसाठी कोरा कागद शोधू लागला.